पुढच्या ओळीतली पांढरी भिंत

ईस्टरची सुट्टी संपली, हिवाळा तोंडावर आला की दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या क्लिपबायची पुढची ओळ मिटून जाते. समुद्राकडे तोंड केलेली ती सुट्टीकरांची घरं. खिडक्यांना फळ्या लागतात, ओट्यावरच्या खुर्च्या आत जातात आणि सगळ्या किल्ल्या मागच्या गल्लीत, फीया फोर्टेनच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारच्या खिळ्यांवर येऊन लटकतात. मग गाव आमचं असतं. पोरं सुट्टीकरांच्या पायऱ्यांवर बसून शिंपल्यांचे डाव मांडतात, कुत्री वाळूत मधोमध झोपतात, आणि पारकरांच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या पेटीत गळाला लावायचं आमिष गारठत पडतं.

हिवाळा म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे बंद घरांत बुरशी. कोरडा दिवस उजाडला की फीया किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून निघायची. एकेक घर उघडायची, गाद्या उभ्या करायची, कपाटं सताड उघडी टाकायची, भिंतींवरचे काळे ठिपके व्हिनेगरच्या फडक्यानं पुसायची. संध्याकाळी सगळं पुन्हा बंद. इतकी वर्षं ती घरं सांभाळत होती, पण त्यातल्या एकाही स्वयंपाकघरात तिनं स्वतःसाठी घोटभर चहा केला नव्हता. तहान लागली तर ती घरी येऊन पाणी प्यायची.

"वेडी आहेस," शेजारची आंटी दोर्कास म्हणायची. "त्यांच्या नळाला पाणी वेगळं येतं का?"

"पाणी तेच आहे गं. पेला त्यांचा आहे."

त्या वर्षी स्नूक उशिरा आला. स्नूक म्हणजे आमच्या हिवाळ्याचं पीक. हातभर लांब, रुपेरी, कुत्र्यासारख्या दातांचा मासा. तो वर उत्तरेला थबकला होता, म्हणून गावातल्या तिन्ही होड्या त्याच्या मागं गेल्या आणि गावातले धडधाकट पुरुषही त्यांच्याबरोबर. फीयाचा नवरा आब्राम पहिल्या होडीचा तांडेल. निघताना तो इतकंच म्हणाला, "वारा फिरला की येतो." त्या काळी खिशात फोन नव्हते. पारकरांच्या दुकानात भिंतीवर एक होता, तोच सगळ्यांचा.

घरात उरली फीया आणि तिचे सासरे, ऊम सेफास, म्हणजे सगळ्या गावाचे सेफासकाका. जन्मभर तांडेल होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण पायांना गाव पाठ होतं. दुपार झाली की ते मासळीची रिकामी पेटी काखेत मारायचे आणि चालत ओळीच्या टोकाच्या घराशी जायचे. त्या घराची वायव्येकडची भिंत दोन मजले उंच आणि कोरी. हिवाळ्यातला पाऊस तिकडूनच आपटतो म्हणून बांधणाऱ्यानं तिला एकही खिडकी ठेवली नव्हती. पाऊस नसेल तेव्हा ऊनही तिथंच टेकायचं. ऊम सेफास पेटी उलटी करून बसायचे, पाठ भिंतीला लावायचे आणि समुद्र ऐकायचे.

ती भिंत दर हिवाळ्यात शिंपल्यांच्या चुन्यानं सारवली जाई. चुन्यात मूठभर मीठ घातलं तरी तो थोडा सुटायचाच. म्हणून हिवाळाभर ऊम सेफास यांच्या काळ्या जाकिटाची पाठ पांढरी असायची. रविवारी चर्चच्या दारात फीया ती ब्रशनं झटकायची आणि पुटपुटायची, "पा, तुम्ही माणूस आहात की सफेदीचा कुंचला?"

"झटक, झटक," म्हातारा म्हणायचा. "उद्या पुन्हा आहेच."

त्या हिवाळ्यात ते टोकाचं घर विकलं गेलं. नवी मालकीण जोहान्सबर्गची, मिसेस हॉलिडे. तिनं फोनवर फीयाला सांगितलं की घर बाहेरून रंगवायचं आहे, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?

"मी आहे, मॅडम," फीया म्हणाली.

मग बाई म्हणाली, "बरं तर. तुम्हीच करा."

हिवाळ्यात आमच्याकडे काम काही पडशासारखं सहज कुणाकडून लागत नाही. फीयानं फोन ठेवला आणि दुकानात उभ्या उभ्या डोळे मिटून देवाचे आभार मानले. पारकर काउंटरमागं गप्प उभे राहिले. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून जहाजानं केपटाउनला आले होते. आभार मानणाऱ्या माणसाला मध्येच हटकू नये, एवढं त्यांना ठाऊक होतं.

आठवड्यानं लॉरी रंगाचे डबे घेऊन आली. लॉरीवाल्यानं इकडं तिकडं पाहिलं.

"रंगारी कुठंय?"

"तुझ्यासमोर."

"तसं नाही. नवरा कुठंय?"

"तो मासे धरायला गेलाय. ब्रश धरायला मी आहे. डबे उतरव."

लॉरीवाला हसला. दोन मजली भिंतीकडं बघितलं, फीयाकडं बघितलं, आणि डबे उतरवताना त्यानं एकाही डब्याला हात लावायला तिला बोलावलं नाही. सही मात्र, "घरात कुणी मोठं आहे का," म्हणून ऊम सेफास यांची मागितली. म्हाताऱ्यानं हवेत आडवी रेघ ओढली. फीयानं कागद घेतला आणि खाली आपली सही केली.

भिंतीवर वर्षांनुवर्षांचा चुना बसला होता. तैलरंग त्यावर धरला नसता. म्हणून आधी लोखंडी ब्रशनं खरवडायचं. फीया शिडीवर चढली. एका हातानं शिडी धरायची, दुसऱ्यानं खरवडायचं. चुन्याची धूळ पापण्यांवर, ओठांवर, घशात. दुपारपर्यंत खांदा असा भरून यायचा की घास तोंडाशी नेताना दुसऱ्या हाताचा आधार लागायचा. पाऊस आला की खाली, पाऊस थांबला की वर. रात्री आंटी दोर्कास तिच्या खांद्याला स्नूकचं तेल चोळायची.

"मांजरं मागं लागतील माझ्या," फीया म्हणायची.

"लागू देत. नवरा नाही तर मांजर तरी."

मग रंग सुरू झाला. खालचा पट्टा आधी, म्हणजे म्हाताऱ्याला टेकायला जागा लवकर वाळेल. तो वाळला त्या दुपारी ऊम सेफास नेहमीसारखे येऊन बसले, पाठ लावली, नाकानं वास घेतला.

"चुना नाही हा."

"नाही, पा. बाईंनी डब्यातला रंग पाठवलाय. तैलरंग. कितीतरी वर्षं टिकेल."

म्हाताऱ्यानं उठून हात मागं नेला, पाठीवरून फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली.

"काही लागत नाही."

"लागणारच नाही. यंदा तुमचं जाकीट स्वच्छ. चर्चच्या दारात माझी अब्रू वाचली."

"चांगलं आहे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा टेकला. "थोडं गार लागतं, पण चांगलं आहे."

रंग कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. ती भिंत त्यांच्या जन्मापासून एकाच रंगाची होती. आणि फीयानं सांगितलं नाही, कारण ज्याला दिसत नाही त्याच्यापुढं रंगाचं कशाला बोलायचं, असं तिला वाटलं. त्यात दुष्टपणा नव्हता, उलट मायाच होती.

रंग राखाडी होता. पावसाळी समुद्राचा असतो तसा.

आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मी शाळेत शिकवायला जाता-येता रोज पाहत होते, वर बघून म्हणाले होते, "फीया, छान बसलाय गं हात." आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही. खटकलं असतं ती माणसं होड्यांवर होती. समुद्रातल्या खुणा जमिनीवर बोलायच्या नाहीत अशी आमच्याकडची जुनी रीत. कुठला खडक कुठल्या टेकडीखाली आला की गळ टाकायचा, हे तांडेल मुलाला होडीत सांगतो, घरात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात फीयानं आब्रामला विचारलं होतं, इतक्या खडकांतून तुम्हाला वाट सापडते कशी? त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं आणि पाव मागितला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

शेवटचा हात संपला त्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं, पण उत्तरेचा कोमट वारा सुटला होता. फीया खाली बसून ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होती. ऊम सेफास पेटीवर होते. पारकर दुकान तसंच उघडं टाकून येताना दिसले. एवढा जाडा माणूस वाळूतून घाईनं चालला की काहीतरी असतंच.

"फोन आला," ते धापा टाकत म्हणाले. "वरून. तिन्ही होड्या पहाटे निघाल्यात. भरून आहेत. वारा पाठीशी आहे, संध्याकाळच्या आत इथं."

"देवा, तुझे उपकार," फीया म्हणाली आणि ओल्या हातांनीच तोंड झाकलं.

म्हातारा वारा हुंगत होता. "उत्तरेचा वारा म्हणजे मागून वायव्येचं वादळ येतंय. ते त्यांच्या मागावरच आहे. लाट वाढलीय, ऐकू येतेय मला. खडकांतल्या खाचेच्या, होड्या आत शिरायच्या त्या वाटेच्या, दोन्ही अंगांना फुटतेय." मग ते हसले. "पण उजेड असेल तोवर काळजी नाही. भिंत नवी रंगवलीस ते बरं केलंस. लांबून चमकेल."

"चमकेल कशी, पा?" फीया सहज म्हणाली. "राखाडी आहे."

म्हाताऱ्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून गेलं.

"काय आहे?"

"राखाडी. बाईंना तोच हवा होता."

ऊम सेफास उठले. वळून दोन्ही तळवे भिंतीला लावले, जणू हातांना रंग कळणार होता. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. उन्हात, जमिनीवर, दोन बायका आणि एक दुकानदार ऐकत असताना, खूण मोठ्यानं सांगितली. आंटी दोर्कास तेवढ्यात कपडे वाळत घालायचे सोडून आली होती.

"चर्चमागचं ते झाड, उंच पाइन. तो या पांढऱ्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे. आला, की समोर खाच. डावीकडं सरकला तर म्हातारीचे दात म्हणतात ते सुळके, उजवीकडं सरकला तर पाण्याखालचा आंधळा खडक. माझ्या बापानं हीच धरली, मी हीच धरली, आब्राम हीच धरतो. दुसरी खूण नाही."

सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. मागं राखाडी वाळूची टेकडी, बाजूला राखाडी खडक, आणि मधे फीयाच्या हातांनी नीट, एकसारखी रंगवलेली भिंत. वायव्येला क्षितिजावर ढगांची काळी पट्टी चढायला लागली होती.

"मी पुसली," फीया म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी माझ्या हातांनी पुसली."

"रडायचं ते नंतर रड," आंटी दोर्कास म्हणाली. "पारकर, तुमच्याकडं चुन्याचं पोतं आहे. मारू या चुना वरून."

"तैलरंगावर चुना धरणार नाही," म्हातारा म्हणाला. "धरला तरी वाळल्याशिवाय पांढरा होत नाही. आज वाळणार नाही."

"मग दुसरा रंग?"

"दुकानात हिरवा आहे," पारकर म्हणाले. "अर्धा डबा."

दोर्कासच्या खांद्यावर वाळत घालायची चादर होती, निळी, ठिगळांची. फीयाची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच थांबली. मग ती पुढच्या ओळीकडं वळली. फळ्या लावलेली, बंद घरं. प्रत्येकात एक कपाट. प्रत्येक कपाटात तिनंच एप्रिलमध्ये धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या चादरी.

ती काय बघतेय ते दोर्कासला कळलं. "फीया. नोकरी जाईल."

"जाईल," फीया म्हणाली, आणि घराकडं पळत सुटली.

खिळ्यांवरच्या सगळ्या किल्ल्या तिनं ओच्यात ओतल्या. मी शाळेतून पोरांना सोडलं. भूमितीचा तास होता, तो तिकडंच घेऊ म्हटलं. पोरं चादरी डोक्यावर घेऊन धावत होती. फीया दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "जमिनीला लावू नका रे, जमिनीला लावू नका," आणि पुढच्याच क्षणी त्या चादरी ओल्या वाळूत पसरल्या जात होत्या.

ऊम सेफास यांच्या शेडमध्ये रापणीचं जुनं जाळं होतं. वरच्या दोराला बुचं, खालच्या दोराला शिशाचे गोळे. ते वाळूवर आडवं टाकलं. बायका गुडघ्यांवर बसल्या, जाळं विणायच्या लाकडी सुया घेतल्या आणि चादरी जाळ्याला शिवायला लागल्या. आमच्या बायकांना तो हात उपजतच असतो. मधे टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, चर्चच्या पाळकांचा झगा. माझाही एक भरतकामाचा टेबलक्लॉथ गेला. लग्नात मिळालेला, कधी वापरला नव्हता. बरं झालं, कामाला आला.

"टाके दाट घाला," दोर्कास ओरडत होती. "दाट घाला गं, नवऱ्याचा सदरा शिवताय असं समजा."

"नवऱ्याचा एवढा दाट कोण शिवतं?" कुणीतरी म्हणालं, आणि त्या घाईतही हशा झाला.

शिडी फीयाचीच, अजून भिंतीला लावलेली. ती वर चढली, छपरावर गेली, धुराड्याला दोर बांधला. खालून आम्ही जाळं उचलून देत होतो, ती वरून ओढत होती. खरवडून भरलेला तोच खांदा. जाळं वर गेलं आणि खालून आत शिरलेल्या वाऱ्यानं ते फुगवलं. सगळी भिंत शिडासारखी पोटात वारा भरून पुढं आली. पावसाचे पहिले थेंब पडले.

"दिसतायत!" वरून फीया ओरडली. "पा, दिसतायत! पॉइंटच्या भूशिराबाहेर, तिन्ही!"

"काय करतायत?" म्हातारा वर तोंड करून.

"पुढची थांबलीय. लाटेवर वरखाली होतेय, पण पुढं येत नाहीये."

"चादरी हलतायत का?"

"हो. फडफडतायत."

"मग कसा येईल तो!" म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. "हलणाऱ्या भिंतीवर कोण भरवसा ठेवेल? थांबवा तिला! धरा खाली!"

खालच्या दोराला शिसं होतं, पण ते माशांसाठी, वादळासाठी नव्हतं. दोर्कासनं दोर पकडला, ओढला, आणि सरळ त्यावर बसली. मग तिच्याशेजारी पारकर बसले. ते बसल्यावर ती बाजू जागची हलली नाही. मग बायका, मग पोरं, मग पाळक, मी. सगळी गल्ली त्या दोरावर ओळीनं बसली, पाठ चादरींना लावून, तोंड समुद्राकडं. पाऊस तोंडावर येत होता. पाठीमागं भिंतीशी कोंडलेला वारा चादरींना ढुशा देत होता आणि आम्ही पाठीनं त्याला दाबून धरत होतो. ऊम सेफास बरोबर मधे, आपल्या नेहमीच्या जागी.

पोरं हळूच विचारत होती, "मिस, पाइन बरोबर वर आहे का?" आणि मी सांगत होते, "आपल्याला नाही दिसणार. त्यांच्या जागेवरून सरळ रेघ काढा." त्या दिवशी भूमिती सगळ्यांना समजली.

"वळली," वरून फीयाचा आवाज आला. "पा, वळली. तोंड आपल्याकडं."

म्हाताऱ्याचा हात माझ्या हातावर होता, त्यांनी बोटं आवळली.

"दातांशेजारी आली. ... लाट. ... मला दिसत नाहीये, पा, लाटेमागं गेली."

दोरावर कुठंतरी एक बाळ रडलं.

"आली! आत आली! आता दुसरी, त्याच वाटेनं... आली. तिसरी..." मग अगदी हळू, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं: "तिन्ही, पा."

होड्या वाळूवर चढवल्याचा आवाज आला तरी कुणी उठलं नाही. उठायचं कुणाला सुचलंच नाही. आब्राम रबरी डगल्यात, पाणी निथळत वर चालत आला आणि थांबला. सगळं गाव पावसात एका दोरावर बसलेलं, मागं चादरींची भिंत, छपरावर त्याची बायको धुराड्याला मिठी मारून.

त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"सोडा आता," तो म्हणाला. "सगळे आलोय."

मग तो बापासमोर उकिडवा बसला. "बाहेरून भिंतच दिसेना, पा. वाटलं, घर जळलं गावातलं. पाइन आहे, खाली काहीच नाही. मग पांढरं काहीतरी वर आलं, पण हलत होतं. भिंत काही हलत नाही, म्हणून थांबलो. वादळ पाठीवर होतं. अजून थोडं तसंच राहिलं असतं, तर अंदाजानंच घुसलो असतो." त्यानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

फीया शिडीवरून उतरली. तिच्या हातांना दोरानं सोललं होतं. "मी पुसली होती," ती नवऱ्याला म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक कसं असेल? मी सांगितलं नाही," आब्राम म्हणाला. "चूक माझीपण आहे. पाव मागितला होता मी."

त्या संध्याकाळी घराघरात स्नूकच्या डोक्याचं सूप शिजलं. जेवणाआधी म्हटलेली प्रार्थना इतकी लांबली की सूप निवलं, आणि कुणी तक्रार केली नाही.

सकाळी फीया फोन करायला दुकानात गेली. अचानक साऱ्या गल्लीला काडेपेट्या हव्या झाल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फीयानं मिसेस हॉलिडेना काही न लपवता सांगितलं: भिंत, खूण, कपाटं, चादरी, वाळू. "काही फाटल्यात, मॅडम. मी शिवून देईन. किल्ली तुमच्या माणसाकडं द्यायला तयार ठेवलीय."

पारकरांनी वजनकाटाही हलू दिला नाही.

"सगळे घरी पोचले का?" बाईनं विचारलं. फीयानं रिसीव्हर थोडा लांब धरला होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"हो, मॅडम. सगळे."

"मला समुद्राच्या रंगाचं घर हवं होतं, एवढंच."

"झालं होतं, मॅडम. अगदी समुद्राच्या रंगाचं. म्हणून तर दिसेना."

बाई हसली की रडली ते कळलं नाही. मग म्हणाली, "ती भिंत पांढरी करा. चुना मिळेपर्यंत चादरी राहू देत. आणि किल्ली तुमच्याच खिळ्यावर असू दे."

सगळेच मालक तसे नव्हते. केपटाउनच्या एका गृहस्थानं सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली परत मागवली. त्याचा खिळा रिकामा राहिला. फीयानं त्याच्यावर राग धरला नाही. त्याच्या चादरी तिनं दोनदा धुतल्या, इस्त्री केली, आणि सोबत खारवलेला सर्वांत मोठा स्नूक बांधून दिला.

राखाडी रंग काढायला आब्राम आणि त्याचे गडी चढले. पहिल्याच दुपारी ते खांदे धरून खाली बसले.

"हे तू एकटीनं केलंस?" आब्रामनं विचारलं.

"मांजरं होती सोबत," फीया म्हणाली.

शिंपले भाजले, चुना विझवला, मूठभर मीठ घातलं. पहिला हात पाण्यासारखा दिसला. पोरांनी तोंड पाडलं. मी म्हटलं, थांबा, वाळू द्या. ऊन टेकलं, आणि आमच्या डोळ्यांसमोर भिंत हळूहळू पांढरी होत गेली.

आता ती खूण गावातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. पहिलीच्या वर्गातही पोरं मातीच्या होड्या करतात आणि मला पाइन व्हायला लावतात. चूप बसायची रीत त्या एका खुणेपुरती मोडली ती मोडलीच. बाकीच्या तांडेलांनी आपापल्याकडं ठेवल्या, आणि ते ठीकच आहे.

त्यानंतरच्या रविवारी आभाराची प्रार्थना होती. ऊम सेफास चर्चच्या दारात आले तेव्हा जाकिटाची पाठ वरपासून खालपर्यंत पांढरी होती. फीयाच्या हातात ब्रश होता. सवयीनं तिनं तो उचलला.

"झटक ना," म्हातारा पाठ वळवून म्हणाला.

फीयानं ब्रश पिशवीत टाकला, सासऱ्याच्या हातात हात घातला, आणि पाठ तशीच घेऊन दोघं आत गेले, थेट पहिल्या बाकापर्यंत, सगळ्यांना दिसेल असे.